आरटी, यूटी, एमपीआय की डीपी? वेल्डमधला दोष कुठे लपेल ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये कार्बन स्टीलचे प्रेशर व्हेसल बनते आहे. शेलची प्लेट १६ मि.मी., चार नोझल (पाइप जोडायची तोंडे), खाली सॅडल (आधार), आतून जाणारी एसएस ३०४ची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची पाइप. ग्राहकाने ‘शंभर टक्के आरटी’ (रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी फिल्मवर काढलेला वेल्डचा फोटो) लिहून दिले आहे. क्वालिटी पाहणाऱ्या तरुण इंजिनिअरला विचारायचे आहे, की त्याऐवजी यूटी (अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनीने तपासणी) चालेल का, फेज्ड अ‍ॅरे (यूटीचाच प्रगत प्रकार) घ्यावे का, आणि या सगळ्यांत चांगली पद्धत कोणती.

शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही, कारण पद्धत एकटीने चांगली किंवा वाईट नसते. तुमच्या जॉइंटमध्ये कोणता दोष होण्याची शक्यता आहे, तो कोणत्या दिशेने पसरेल आणि तिथपर्यंत किरण, ध्वनी, चुंबकीय रेषा किंवा निदान माणसाची नजर पोहोचेल का, एवढे कळले की पद्धत आपोआप ठरते. आपल्याकडे होते उलटे. आधी एजन्सीला फोन जातो, मग तिच्याकडे जे यंत्र मोकळे असेल ते येते.

तुमच्या व्हेसलपुरते आधी सांगून टाकतो. शेलच्या लाँग सीम (लांबीतला जोड) आणि सर्क सीमला (गोलाकार जोड) आरटी ठीक आहे, पण इरिडियमच्या स्रोताने नको. तिथे एन्कोडर (प्रोबची जागा नोंदवणारे उपकरण) लावलेले फेज्ड अ‍ॅरेही चालेल, अटी पुढे सांगतो. नोझलच्या जोडावर फिल्मचा उपयोग जवळपास नाही, तिथे यूटी आणि वरून एमपीआय (चुंबक लावून लोहकणांनी क्रॅक शोधणे). सॅडलच्या फिलेटला (कोपऱ्यातल्या वेल्डला) एमपीआय. एसएसच्या पाइपला डीपी (रंगीत द्रवाने क्रॅक शोधणे), आणि बट जॉइंट (टोकाला टोक जोडलेला) असेल तर आरटीही. आता यामागची कारणे.

वेल्डमधले दोष ढोबळमानाने दोन जातींचे. एक फुगीर: पोरोसिटी (गॅसचे बुडबुडे), स्लॅग (अडकलेली मळी), टंगस्टनचा तुकडा. दुसरे चपटे: क्रॅक, लॅक ऑफ फ्यूजन (धातू एकजीव न होणे). लॅक ऑफ पेनिट्रेशन (वेल्ड तळापर्यंत न पोहोचणे) दोन्हींच्या मधले. आरटीमध्ये किरण आरपार जातात आणि वाटेत धातू जितका कमी तितकी फिल्म काळी पडते. गॅसच्या बुडबुड्याने २ मि.मी. धातू कमी केला तर तो ठळक दिसतो. क्रॅक मात्र केसासारखी. ती किरणांच्या रेषेत उभी असेल तर किरण तिच्या पूर्ण खोलीतून जातात आणि काळी रेघ उमटते. जरा तिरकी असेल तर वाटेतला धातू जवळजवळ तेवढाच राहतो आणि फिल्म गप्प बसते. म्हणजे व्हेसल फोडू शकणारा दोषच आरटीच्या हातून निसटण्याचा धोका जास्त, आणि फारसे नुकसान न करणारी पोरोसिटी मात्र छान फोटो देते. अल्ट्रासोनिकचे गणित याच्या उलट आहे. चपटा पृष्ठभाग ध्वनीला काटकोनात भेटला तर भिंतीसारखा प्रतिध्वनी देतो. गोल बुडबुडा ध्वनी चहूकडे उधळतो, म्हणून स्क्रीनवर त्याची उंची कमी दिसते.

हे लक्षात घेऊन आपल्या वेल्डिंग प्रोसेसकडे बघा. रूट (तळाचा पहिला थर) टिगने आणि वरचे पास (थर) स्टिकने असतील तर मुख्य भीती दोन पासच्या मध्ये अडकलेल्या स्लॅगची. ते फिल्मवर चांगले दिसते. पण हिंगणा-बुटीबोरीतली बरीच शॉप आता मिगवर गेली आहेत. करंट कमी ठेवून पटापट भरले की बाजूच्या भिंतीला धातू नुसता चिकटतो, वितळून एकजीव होत नाही. हे साइडवॉल लॅक ऑफ फ्यूजन बेव्हलच्या (जोडासाठी तिरक्या कापलेल्या कडेच्या) उतारालाच चिकटून असते, म्हणजे वरून मारलेल्या किरणांना तिरके. मिगच्या वेल्डची फिल्म स्वच्छ आली म्हणून मी तरी निश्चिंत होत नाही.

आरटी

आरटीचा मोठा गुण म्हणजे पुरावा हातात राहतो. दहा वर्षांनी कोणी विचारले तर फिल्म काढून दाखवता येते, आणि ती तुमच्यापेक्षा वेगळा माणूस पुन्हा वाचू शकतो. म्हणूनच ग्राहकांचा तिच्यावर जीव आहे.

पण स्रोत कोणता हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे फील्डवर बहुतेक एजन्सी इरिडियम-१९२ घेऊन येतात. त्याचे किरण स्टीलमध्ये साधारण २० मि.मी.च्या वर नीट काम करतात. तुमच्या १६ मि.मी.साठी ते जरा जास्तच भेदक आहेत, त्यामुळे फिल्मचा कॉन्ट्रास्ट कमी होतो आणि बारीक गोष्टी करड्या रंगात विरून जातात. पेनिट्रामीटरची (फिल्मची स्पष्टता तपासायला ठेवलेल्या तारांची) ठरलेली तार दिसली की कोड, म्हणजे नियमावली, आक्षेप घेत नाही, आणि काठावर का होईना, ती दिसतेही. पण तारेत आणि बारीक क्रॅकमध्ये फरक आहे. सेलेनियम-७५ची व्याप्ती साधारण १० ते ४० मि.मी., त्यामुळे तुमच्या जाडीला ते जास्त योग्य. शॉपमध्ये एक्स-रेची सोय असेल, साधारण २०० ते २५० केव्हीची, तर त्याहून उत्तम. एजन्सीला ऑर्डर देताना स्रोत लिहून द्या. नुसते ‘आरटी’ लिहिले की येणार इरिडियमच.

इरिडियमचे अर्धायुष्य ७४ दिवस आहे. दोन-अडीच महिन्यांत स्रोत निम्मा, पाच महिन्यांत पाव. जुना स्रोत आणला की एक्स्पोजरचा वेळ वाढतो, आणि रात्री पन्नास शॉट संपवायची घाई असली की फिल्म फिकट येतात. फिल्मचा काळेपणा मोजणारा डेन्सिटी मीटर मागा. गॅमाच्या (इरिडियम, सेलेनियम) फिल्मला किमान २.० आणि जास्तीत जास्त ४.० घनता हवी, एक्स-रेला खालची मर्यादा १.८. ‘वाचता येते ना, मग काय झाले’ हे उत्तर स्वीकारू नका.

नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक भानगड असते. डेव्हलपरचे द्रावण २० अंशांना असेल तर फिल्म साधारण पाच मिनिटांत तयार होते. पत्र्याच्या शेडमधल्या डार्करूममध्ये तेच द्रावण चाळिशीच्या आसपास जाते. मग टाकीला बाहेरून बर्फ लावावा लागतो किंवा कूलर नव्हे, एसी बसवावा लागतो. ते न करता वेळ कमी करून काम भागवले की फिल्म धुरकट होते, आणि धुरकट फिल्मवर क्रॅक शोधणे म्हणजे भर उन्हात टॉर्चचा उजेड शोधणे. डिजिटल रेडिओग्राफीत ही कटकट नाही, पण किरणांचे बाकीचे सगळे नियम तेच.

सुरक्षेवर फार लिहीत नाही, कारण यात वाटाघाटीला जागाच नाही. एजन्सीकडे एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, प्रत्येकाच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज आणि चालू स्थितीतला सर्व्हे मीटर, यांतले एकही कमी असेल तर गेटवरूनच परत पाठवा. दोरी बांधून शॉप रिकामे करावे लागते, म्हणजे त्या पाळीत बाकीचे काम बंद. आरटीचा दर शॉटवर दिसतो, पण बंद पडलेल्या पाळीचा खर्च कोणी मोजत नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या शटडाउनमध्ये हे फार जाणवते. बॉयलरच्या आत शंभर माणसे काम करत असताना सगळ्यांना बाहेर काढायला कोणी तयार नसते. ट्यूबच्या जोडांसाठी फेज्ड अ‍ॅरेची मागणी वाढण्यामागे तंत्रज्ञानाच्या प्रेमापेक्षा हेच कारण जास्त.

आणखी एक उणीव आहे. फिल्म दोषाची लांबी सांगते, खोली सांगत नाही. रिपेअर निघाला की वेल्डर विचारतो, ‘भाऊ, वरून खोदू की आतून?’ फिल्मकडे याचे उत्तर नसते. अशा वेळी साध्या यूटीने खोली काढून द्या. पाच मिनिटांचे काम आहे. नाहीतर चुकीच्या बाजूने अर्धी जाडी खोदली जाते आणि नव्या वेल्डमध्ये नवे दोष भरले जातात.

यूटी

यूटी यंत्राइतकीच ऑपरेटरची परीक्षा असते. स्टीलमध्ये आडव्या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३२४० मीटर. ४ मेगाहर्ट्‌झच्या प्रोबने (ध्वनी सोडणारे आणि ऐकणारे उपकरण) तरंगलांबी सुमारे ०.८ मि.मी. येते. त्याच्या निम्म्यापर्यंतचा दोष दिसावा असा ठोकताळा, पण दोष योग्य दिशेला हवा, ही अट सगळ्यात महत्त्वाची.

म्हणून प्रोबचा कोन बेव्हलवरून ठरवा. बेव्हल ३० अंशांचा असेल तर ६० अंशांची बीम तळावर आपटून वर येताना त्याच बाजूच्या बेव्हलला काटकोनात भेटते. मिगचे ते लपलेले लॅक ऑफ फ्यूजन इथे ताडकन उठून दिसते. त्याच जागी ४५चा प्रोब फिरवला तर प्रतिध्वनी भलतीकडे जातो आणि रिपोर्टवर ‘समाधानकारक’ लिहिले जाते. तुमचा बेव्हल ३७ अंशांच्या आसपास असेल तर आदर्श कोन ५३च्या जवळ येतो. तिथे ४५ आणि ६० दोन्ही फिरवून घ्या, आणि रूटसाठी ७०. वेल्डच्या दोन्ही बाजूंनी स्कॅन हवे. एका बाजूला फ्लँज किंवा ब्रॅकेट आडवे येत असेल तर ते रिपोर्टमध्ये लिहायला लावा.

त्याआधी वेल्डशेजारची प्लेट सरळ प्रोबने लॅमिनेशनसाठी तपासा. हे नेहमी टाळले जाते. प्लेटमध्येच थर सुटलेला असेल तर तिरकी बीम तिथूनच परत फिरते, वेल्डपर्यंत पोहोचतच नाही, आणि स्क्रीन शांत दिसते.

उन्हाचा त्रास इथेही होतो. तापमानाबरोबर ध्वनीचा वेग आणि प्रोबमधला कोन दोन्ही सरकतात. म्हणून कॅलिब्रेशन ब्लॉक आणि जॉब यांच्या तापमानात १४ अंशांपेक्षा जास्त फरक नको असे कोड सांगतो. ऑपरेटर एसीच्या केबिनमध्ये कॅलिब्रेशन करून उन्हात ठेवलेल्या शेलवर येतो तेव्हा हा नियम तिथेच मोडलेला असतो. ब्लॉक जॉबच्या शेजारी तासभर ठेवा, एवढाच उपाय. कपलंटही पाण्यापेक्षा जेलचे घ्या, पाणी प्रोब सरकायच्या आत वाळते.

ऑस्टेनिटिक, म्हणजे ३०४सारख्या स्टेनलेसच्या वेल्डवर मात्र हा सगळा आत्मविश्वास बाजूला ठेवा. त्याचे दाणे मोठे आणि लांबट असतात. ध्वनी त्यांत वाकतो, विखुरतो, आणि स्क्रीनवर खोट्या प्रतिध्वनींचे गवत उगवते. त्यासाठी कमी फ्रिक्वेन्सीचे, उभ्या लहरींचे वेगळे प्रोब येतात आणि ते चालवणारा माणूसही वेगळा लागतो. तुमची ३०४ची पाइप पातळ असेल तर यूटीच्या नादी लागू नका.

फेज्ड अ‍ॅरे आणि टीओएफडी

फेज्ड अ‍ॅरेमध्ये एकाच प्रोबमधून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने अनेक कोनांच्या बीम एकामागून एक सुटतात. ४० ते ७० अंशांचा पंखा वेल्डवरून एकदा फिरतो, आणि एन्कोडर लावला तर सगळा डेटा साठवला जातो. म्हणजे यूटीची नजर आणि आरटीसारखा पुरावा. टीओएफडी वेगळ्या तत्त्वावर चालते. दोषाच्या टोकांवरून विखुरलेला ध्वनी किती वेळाने आला, यावरून ती दोषाची उंची मोजते. उंची मोजण्यात ती फार चांगली, पण प्लेटच्या वरच्या पृष्ठभागालगतच्या थोड्या पट्ट्यात आंधळी, आणि अगदी तळालाही कमकुवत. म्हणून ती एकटी वापरायची नसते, फेज्ड अ‍ॅरेबरोबर किंवा वरून एमपीआय करून वापरायची.

आरटीऐवजी यूटी घ्यायला एएसएमई सेक्शन आठमध्ये (प्रेशर व्हेसलची नियमावली) मुभा आहे आणि १६ मि.मी. जाडी त्यात बसते. पण ती हातातल्या साध्या यूटीला नाही. संगणकावर नोंद होणारी पद्धत हवी, प्रोसिजर नमुन्याच्या ब्लॉकवर सिद्ध करून दाखवलेली हवी, आणि डेटा वाचणारा माणूस त्याच पद्धतीत प्रशिक्षित हवा. स्वीकाराचे निकषही वेगळे. आरटीत १९ मि.मी.पर्यंतच्या जाडीला ६ मि.मी.पेक्षा लांब स्लॅग नापास, आणि क्रॅक, लॅक ऑफ फ्यूजन, लॅक ऑफ पेनिट्रेशन कितीही छोटे असले तरी नापास. यूटीत दोषाची उंची आणि लांबी दोन्ही मोजून ठरते. त्यामुळे एकाच सीमवर एका पद्धतीने पास, दुसरीने नापास असे होऊ शकते. ‘आरटीत पास झाले होते ना’ हा वाद नंतर घालण्यापेक्षा कोणती पद्धत अंतिम ते आधीच ग्राहकाकडून लेखी घ्या.

एमपीआय आणि डीपी

दोन्ही पृष्ठभागासाठी. स्टील चुंबकीय असेल तर मी नेहमी एमपीआयच घेतो. ती झटपट होते, पृष्ठभागाच्या किंचित खालचेही दाखवते आणि बारीक क्रॅकमध्ये थोडी घाण असली तरी चालते. ३०४ किंवा ३१६ चुंबकाला दाद देत नाही, तिथे डीपी.

एमपीआयमध्ये दोन गोष्टी डोळ्यांनी पाहा. योक (हातात धरायचे चुंबक) ठरलेले वजन उचलतो का, एसी करंटचा असेल तर ४.५ किलो, डीसी करंटचा असेल तर १८.१ किलो. आणि योक दोन्ही दिशांना फिरवला का. चुंबकीय रेषांना समांतर असलेली क्रॅक कण धरत नाही. घाईत माणूस वेल्डवर योक एकाच दिशेने ओढत जातो आणि आडव्या क्रॅक तशाच राहतात.

डीपीला कोडची तापमानाची मर्यादा ५ ते ५२ अंश आहे. नागपुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी यार्डात पडलेल्या व्हेसलला हात लावता येत नाही, तेव्हा ५२ कधीच मागे पडलेले असते. पेनिट्रंट, म्हणजे तो रंगीत द्रव, क्रॅकमध्ये शिरण्याऐवजी वरच वाळते. अशी डीपी कागदावर पास असते, प्रत्यक्षात झालेलीच नसते. सकाळी सातला करा किंवा जॉब रात्रभर सावलीत ठेवा, आणि पृष्ठभागाचे तापमान मोजून रिपोर्टवर लिहा. पेनिट्रंट किमान ५ मिनिटे, डेव्हलपर (क्रॅकमधला रंग बाहेर ओढणारी पांढरी पावडर) किमान १० मिनिटे. लाल डाग लगेच दिसत नाही म्हणून तिसऱ्या मिनिटाला पुसून टाकणारे महाभाग भेटतात. डीपीआधी ग्राइंडर जोरात चालवला असेल तर धातू घासला जाऊन क्रॅकचे तोंड बुजते, हेही ध्यानात ठेवा. स्टेनलेससाठी क्लोरीन-फ्लोरीनचे प्रमाण कमी असल्याचे प्रमाणपत्र असलेला संच घ्या, नाहीतर तपासणीनेच पुढच्या क्रॅकची सोय केलेली असते.

डोळ्यांची तपासणी

हिला कोणी पद्धत मानत नाही, पण माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त परतावा हीच देते. अट एकच, ती वेल्डिंग सुरू होण्याआधी व्हायला हवी. फिट-अपमधला रूट गॅप, दोन प्लेटच्या कडांची वर-खाली, बेव्हलवरचा गंज, ओलसर इलेक्ट्रोड, बॅक गाउजिंग (मागच्या बाजूने वेल्ड खोदणे) नंतरची चकचकीत धातूपर्यंतची सफाई. आरटीत नापास होणाऱ्या सीमचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. साधारण १००० लक्स प्रकाश, डोळा ६०० मि.मी.च्या आत. शॉपमधल्या पिवळ्या दिव्याखाली हे होत नाही, हातात चांगला एलईडी घ्या.

वातावरणीय दाबाच्या टाक्यांवर चुना-रॉकेलची जुनी चाचणी आजही उपयोगी पडते: एका बाजूला चुन्याचे पाणी, दुसरीकडून रॉकेल, गळती असेल तर डाग. पण ती गळती शोधते, ताकद नाही.

तपासणी कधी करायची

पद्धत योग्य आणि वेळ चुकली तरी सगळे वाया जाते. हायड्रोजनमुळे होणाऱ्या क्रॅक वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उघडतात. जास्त ताकदीच्या स्टीलसाठी स्ट्रक्चरल कोड ४८ तास थांबायला लावतात ते याचसाठी. तुमचे साधे कार्बन स्टील इतके नाजूक नाही, पण नोझलच्या जाड जोडावर २४ तास थांबायला मी सांगेन. पीडब्ल्यूएचटी (वेल्डनंतरची उष्णता-प्रक्रिया) असेल तर शेवटची एमपीआय आणि यूटी त्यानंतर, आधी केलेली फक्त तुमच्या समाधानासाठी.

शंभर टक्क्यांचा खर्च

ग्राहकाने शंभर टक्के आरटी हौसेने लिहिली असे समजू नका. दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेल्या बट जॉइंटला पूर्ण रेडिओग्राफी असेल तर जॉइंट एफिशियन्सी (सूत्रातला ‘ई’, म्हणजे जोडावर किती भरवसा धरायचा) १.०, स्पॉट (काही ठिकाणीच) असेल तर ०.८५, काहीच नसेल तर ०.७०. शेलच्या जाडीच्या सूत्रात हा आकडा छेदात बसतो. १६ मि.मी.चे शेल १.० धरून काढले असेल, तर ०.८५ला तेच १९च्या आसपास जाते आणि ०.७०ला २३च्या. (गंजासाठी ठेवलेली जाडी वेगळी.) म्हणजे तपासणी कमी करा म्हणणे म्हणजे प्लेट बदला म्हणणे, आणि प्लेट तर तुमच्याकडे कापून तयार आहे. ड्रॉइंगवरचा ‘ई’ बघा, मग वाटाघाटी करा. व्हेसल एलपीजीसारख्या वायूच्या साठ्याचे असते तर पेसोचे (स्फोटके आणि दाबाच्या टाक्यांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था) नियमही लागू झाले असते, आणि त्यांचे मुख्यालय इथेच नागपुरात असले तरी सवलत मिळाली नसती.

एजन्सी निवडताना दर आणि लेव्हल-टूचे (तपासनिसाच्या पात्रतेचे) प्रमाणपत्र पुरेसे नाही. तुमच्याच १६ मि.मी. प्लेटचा एक तुकडा घ्या, तुमच्याच वेल्डरकडून त्यात मुद्दाम साइडवॉल लॅक ऑफ फ्यूजन आणि थोडे स्लॅग ठेवून घ्या, आणि जो माणूस प्रत्यक्ष साइटवर येणार आहे त्यालाच तो तपासायला द्या. मालकाला नाही, सेल्सवाल्याला नाही. त्याने कोणता कोन निवडला आणि दुसऱ्या बाजूने स्कॅन केले का, हे बघितले की अर्ध्या तासात निर्णय होतो.

ग्राहकाला पाठवायच्या प्रस्तावात एवढे लिहा: लाँग आणि सर्क सीमवर सेलेनियम-७५ने शंभर टक्के आरटी, किंवा पर्याय म्हणून एन्कोडेड फेज्ड अ‍ॅरे आणि सोबत टीओएफडी, नमुना ब्लॉकवर सिद्ध केलेल्या प्रोसिजरसह, नोझलच्या पूर्ण पेनिट्रेशन जोडांवर यूटी आणि दोन दिशांनी एमपीआय, सॅडलच्या फिलेटवर एमपीआय, एसएस पाइपच्या रूट आणि कॅपवर डीपी, पृष्ठभागाचे तापमान नोंदवून, आणि बट जॉइंटला आरटी. प्रत्येक ओळीसमोर स्वीकाराचा निकष आणि तपासणीची वेळ. दोन्ही पर्यायांचे दर शेजारी-शेजारी द्या, आणि आरटीच्या दरात बंद राहणाऱ्या पाळ्यांचा खर्चही धरा.